विश्लेषण : जेट इंजिन घडवणारी लहान कंपनी सरकारी निधीने तारली की गिळली? फ्रँक व्हिटल यांची कहाणी काय सांगते?

संरक्षण तंत्रज्ञान घडवणाऱ्या लहान कंपन्यांना सरकारने संशोधनासाठी पैसा द्यावा, यावर आज बहुतेक देशांत एकमत आहे. अमेरिकेत त्यासाठी १९८२ पासून कायदा आहे. भारतात २०१८ पासून ‘आयडेक्स’ योजना राबवली जाते. वाद आहे तो त्यापुढच्या प्रश्नांचा. पैसा किती द्यायचा, केव्हा द्यायचा, कोणत्या अटींवर द्यायचा आणि प्रयोग यशस्वी झाल्यावर त्यावर हक्क कोणाचा? हे चारही प्रश्न ९० वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये एका माणसाच्या आयुष्यात एकापाठोपाठ एक उभे राहिले होते. जेट इंजिनाचे जनक फ्रँक व्हिटल हे ते नाव. त्यांची ‘पॉवर जेट्स’ ही कंपनी जेमतेम दहा वर्षे टिकली. त्या दहा वर्षांत काय घडले, याचा हा आढावा.

फ्रँक व्हिटल कोण होते?

व्हिटल यांचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहरात एका कामगार कुटुंबात झाला. वडील मोझेस हे हुन्नरी मेकॅनिक. त्यांनी १९१६ मध्ये जवळच्या लेमिंग्टन गावातील झडपा आणि पिस्टन रिंग बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला. दोन-चार लेथ आणि एक गॅस इंजिन एवढीच त्याची मालमत्ता. लहानगा फ्रँक शाळेतून आल्यावर तिथेच वडिलांच्या हाताखाली काम करी. धंदा मंदीत गेला की घरात चणचण कशी येते, हेही त्याने तिथेच पाहिले.

विमानाचे वेड मात्र लहानपणापासूनचे. १९२३ मध्ये रॉयल एअर फोर्समध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल होण्यासाठी त्यांनी अर्ज केला. उंची जेमतेम पाच फूट आणि छाती अरुंद, म्हणून वैद्यकीय तपासणीत ते नापास झाले. एका प्रशिक्षकाने सांगितलेला व्यायाम आणि आहार महिनोन्महिने पाळून त्यांनी उंची आणि छाती तीन तीन इंचांनी वाढवली. तरीही नकारच मिळाला. मग दुसऱ्या नावाने अर्ज करून ते शेवटी भरती झाले. तिथून गुणवत्तेच्या बळावर क्रॅनवेल येथील अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. पुढे ते उत्तम वैमानिक झाले, हवाई कसरतींतही नाव कमावले.

त्यांची कल्पना नेमकी काय होती?

क्रॅनवेलमध्ये असताना १९२८ मध्ये व्हिटल यांनी विमानांच्या भवितव्यावर प्रबंध लिहिला. तेव्हाची लढाऊ विमाने ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आतच उडत. व्हिटल यांनी ताशी ८०० किलोमीटर वेगाने आणि खूप उंचावरून उडणाऱ्या विमानाचा विचार मांडला. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला होणारा अडथळा कमी होतो. पण त्याच विरळ हवेत पिस्टन इंजिनाचा दम कोंडतो आणि पुढचा पंखाही नीट पकड घेत नाही. म्हणजे वेग वाढवायचा तर इंजिनच वेगळे हवे.

पुढच्या वर्षी त्यांना उत्तर सापडले. पुढून हवा आत ओढायची, कॉम्प्रेसरने ती दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि तापून फुगलेला वायू मागून जोरात बाहेर सोडायचा. त्या झोताच्या उलट दिशेने विमान पुढे ढकलले जाते. बाहेर जाता जाता तोच वायू एक टर्बाइन फिरवतो आणि ते टर्बाइन पुढच्या कॉम्प्रेसरला गती देते. पिस्टन नाही, पंखा नाही. मुख्य फिरता भाग एकच. आज पुण्याहून दिल्लीला जाणारे प्रवासी विमान असो की ‘तेजस’, मूळ तत्त्व हेच आहे.

सरकारने ती कल्पना का नाकारली?

१९२९ मध्ये हा प्रस्ताव ब्रिटनच्या हवाई मंत्रालयापुढे गेला. मंत्रालयाचे तज्ज्ञ ए. ए. ग्रिफिथ हे स्वतः टर्बाइनचे अभ्यासक होते. मात्र टर्बाइनने पंखा फिरवावा, या मताचे ते होते. त्यांना व्हिटल यांच्या गणितात चूक आढळली आणि इतके तापमान सोसणारा धातू उपलब्ध नाही, हाही आक्षेप निघाला. धातूबद्दलचा आक्षेप त्या काळापुरता खोटा नव्हता. पण त्यासाठी थोडा पैसा घालून प्रयोग करून पाहावा, असे कोणाला वाटले नाही. तसा प्रयोग करणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. एक तर कल्पना स्वीकारायची, नाही तर कागद परत करायचे, एवढेच दोन पर्याय होते.

व्हिटल यांनी १६ जानेवारी १९३० रोजी स्वतःच पेटंटसाठी अर्ज केला. मंत्रालयाला ते गुप्त ठेवण्याचीही गरज वाटली नाही, त्यामुळे ते रीतसर प्रसिद्ध झाले आणि जगात कोणालाही वाचता येईल असे झाले. पाच वर्षांनी, जानेवारी १९३५ मध्ये, नूतनीकरणाचे शुल्क भरण्याची वेळ आली. रक्कम होती पाच पौंड. व्हिटल तेव्हा केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकत होते. घरी पत्नी आणि दोन लहान मुले. त्यांना ते पैसे काढणे जड होते आणि सरकारी खर्चाने शुल्क भरायला मंत्रालयाने नकार दिला. पेटंट रद्द झाले. विसाव्या शतकातील सर्वात मोलाच्या पेटंटांपैकी एक पाच पौंडांसाठी हातचे गेले.

‘पॉवर जेट्स’ कशी उभी राहिली?

त्याच वर्षी हवाई दलातील एक जुना सहकारी रॉल्फ डडली-विल्यम्स याने व्हिटल यांना पत्र लिहून कल्पनेबद्दल विचारणा केली. विल्यम्स आणि त्याचा भागीदार जेम्स टिनलिंग हे दोघेही हवाई दलातून बाहेर पडलेले. त्यांनी लंडनच्या ‘ओ. टी. फॉक अँड पार्टनर्स’ या गुंतवणूक संस्थेला गाठले. वाटाघाटी होऊन मार्च १९३६ मध्ये ‘पॉवर जेट्स लिमिटेड’ स्थापन झाली. फॉक यांनी सुरुवातीला दोन हजार पौंड घातले. पुढे आणखी १८ हजार पौंड उभे करण्याची मुभा त्यांना होती, पण ती रक्कम कधी पूर्ण उभी राहिली नाही.

या करारात चौथा पक्ष होता तो सरकार. व्हिटल हे सेवेतील अधिकारी असल्याने मंत्रालयाची परवानगी लागणार होती. ती मिळाली, पण अटी पाहण्यासारख्या होत्या. व्हिटल यांनी कंपनीचे काम आठवड्यात सहा तासांपेक्षा जास्त करायचे नाही. त्यांच्या वाट्याच्या समभागांपैकी २५ टक्के सरकारचे. म्हणजे सरकारने भांडवल म्हणून एक पैसा घातला नाही, पण संशोधकाच्या हिश्शातला चौथा भाग घेतला. कंपनी मोठी झाली तर वाटा मिळणार, बुडाली तर तोटा नाही, असा हा व्यवहार होता.

इंजिन बनवण्याचे काम रग्बी येथील ‘ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन’ या टर्बाइन कारखान्याला दिले गेले. १२ एप्रिल १९३७ रोजी तिथे पहिले इंजिन सुरू झाले. इंजिनात साचलेल्या इंधनाने पेट घेतला आणि इंधनाची झडप बंद केल्यावरही ते किंचाळत वेग घेऊ लागले. जमलेले कामगार पळाले, व्हिटल मात्र जागचे हलले नाहीत. काही क्षणांनी इंधन संपून ते थांबले. भीतीदायक असला, तरी हा जेट इंजिन चालू शकते याचा पुरावा होता.

सरकारी निधी आल्यावर अडचण कशी झाली?

यानंतर शास्त्रज्ञ हेन्री टिझार्ड यांनी या कामाची बाजू घेतली. सरकारच्या वैमानिकी संशोधन समितीचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. उड्डाणयोग्य इंजिन विकसित करण्यासाठी पाच हजार पौंडांचे कंत्राट देण्याचे ठरले. पण निर्णय होणे आणि पैसे हातात पडणे यांत बराच काळ गेला. निधी आला तो मार्च १९३८ मध्ये. दरम्यान कंपनी उसनवारीवर आणि काटकसरीवर चालत राहिली.

पैशाबरोबर गोपनीयता कायदाही आला. सरकारी कंत्राट स्वीकारल्यामुळे कंपनीचे काम ‘ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट’च्या कक्षेत गेले. गुंतवणूकदाराकडे जाऊन आम्ही काय बनवतो, कुठवर पोहोचलो आणि पैसे का हवेत, हे सांगायचीच सोय उरली नाही. न सांगता कोण पैसे घालणार? म्हणजे सरकारने दिलेली रक्कम अपुरी होती आणि ती घेतल्यामुळे बाकीचे दरवाजेही बंद झाले. संरक्षण तंत्रज्ञानात काम करणाऱ्या लहान कंपनीचा हा पेच इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

त्याचे परिणाम थेट कामावर झाले. चाचण्या धोकादायक वाटू लागल्याने १९३८ मध्ये कंपनीला रग्बीहून लटरवर्थ गावाजवळच्या एका वापरात नसलेल्या ओतशाळेत हलावे लागले. मे महिन्यात चाचणीदरम्यान टर्बाइन फुटले. नवे इंजिन घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून जुन्याच इंजिनाचे वाचलेले भाग वापरून त्याची तिसरी आवृत्ती जोडण्यात आली. मोठ्या कारखान्यात चार-पाच इंजिने एकाच वेळी चाचणीला लागली असती. इथे एक मोडले की सगळे काम थांबे. इंजिनात काय बदल करायचे, हे व्हिटल यांना कळत होते. ते बदल करून पाहण्याइतके पैसे मात्र नव्हते.

याच काळात जर्मनीत हान्स फॉन ओहाइन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ याच दिशेने निघाला होता. त्याला १९३६ मध्ये विमान उद्योजक अर्न्स्ट हाइन्केल यांनी आपल्या कंपनीत घेतले. हाइन्केल यांनी स्वतःच्या कारखान्याचा पैसा, कारागीर आणि यंत्रे त्याच्या हाताशी दिली. २७ ऑगस्ट १९३९ रोजी हाइन्केल १७८ हे जगातले पहिले जेट विमान आकाशात झेपावले. व्हिटल यांचे पेटंट त्याच्या किती तरी आधीचे होते.

१९३९ मध्ये चित्र कसे बदलले?

३० जून १९३९ रोजी मंत्रालयाचे संशोधन संचालक डेव्हिड पाय लटरवर्थला आले. त्यांच्यासमोर इंजिन २० मिनिटे चालवले गेले आणि त्याने मिनिटाला १६ हजार फेऱ्यांचा वेग गाठला. पाय यांचे मत तिथेच बदलले. मंत्रालयाने कंपनीकडचे प्रायोगिक इंजिन विकत घेतले आणि तेच कामासाठी कंपनीला वापरायला दिले. एका साध्या कागदी व्यवहाराने कंपनीच्या हातात रोकड आली आणि काम थांबले नाही. विमानात बसवण्याजोगे इंजिन बनवण्याचे आणि ‘ग्लॉस्टर’ कंपनीकडून त्यासाठी विमान बनवून घेण्याचेही ठरले.

सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि पैशाची चणचण संपली. वेळेची सुरू झाली. व्हिटल दिवसरात्र काम करत. जागे राहण्यासाठी उत्तेजक गोळ्या, झोपेसाठी दुसऱ्या गोळ्या आणि अखंड धूम्रपान. १९४० च्या डिसेंबरमध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि जवळपास महिनाभर त्यांना कामापासून दूर राहावे लागले.

१५ मे १९४१ च्या संध्याकाळी, ज्या क्रॅनवेलमध्ये त्यांनी प्रबंध लिहिला होता तिथल्याच धावपट्टीवरून ग्लॉस्टर ई. २८/३९ या विमानाने उड्डाण केले. वैमानिक होते गेरी सेयर. १७ मिनिटांचे हे उड्डाण ब्रिटनमधले पहिले जेट उड्डाण ठरले. गोपनीयतेमुळे लोकांना त्याचा पत्ताही लागला नाही. अधिकृत घोषणा झाली ती जानेवारी १९४४ मध्ये.

उत्पादन मोठ्या कंपन्यांकडे का गेले?

युद्धकाळात सरकारला शेकडो इंजिने हवी होती. पॉवर जेट्सकडे संशोधन होते, कारखाना नव्हता. त्यामुळे १९४० मध्ये मंत्रालयाने मोटारी बनवणाऱ्या ‘रोव्हर’ कंपनीला थेट कंत्राट दिले. सरकारची बाजू समजण्यासारखी होती. पण कंत्राट पॉवर जेट्समार्फत न जाता तिला वळसा घालून गेले, तिथे वादाची ठिणगी पडली. रोव्हरच्या अभियंत्यांनी आराखड्यात बदल सुरू केले. मंत्रालयाच्या संमतीने त्यांनी एक वेगळा आराखडाही आखला, व्हिटल यांना न कळवता. तो पुढे चांगला ठरला, हेही खरे. परंतु मूळ संशोधक आणि उत्पादक यांच्यातला विश्वास उडाला आणि त्यात महिने वाया गेले.

अखेर ‘रोल्स रॉइस’चे प्रमुख अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी रोव्हरचे स्पेन्सर विल्क्स यांच्याशी एका जेवणाच्या वेळी अदलाबदलीचा सौदा केला. रोव्हरने जेटचे काम सोडायचे आणि त्या बदल्यात रोल्स रॉइसचे रणगाड्याच्या इंजिनाचे काम घ्यायचे. १९४३ मध्ये हा बदल अमलात आला आणि कामाने वेग घेतला. व्हिटल यांच्या आराखड्यावर आधारलेली ‘वेलँड’ इंजिने बसवलेली ‘मिटिऑर’ विमाने जुलै १९४४ मध्ये हवाई दलात दाखल झाली. लंडनवर येणारे जर्मनीचे व्ही-१ हे उडते बॉम्ब पाडण्याचे काम त्यांना मिळाले. त्याआधी, १९४१ मध्येच, ब्रिटनने एक इंजिन आणि आराखडे अमेरिकेला दिले होते. त्यावरूनच ‘जनरल इलेक्ट्रिक’ने अमेरिकेचे पहिले जेट इंजिन घडवले.

राष्ट्रीयीकरणात कोणाला काय मिळाले?

व्हिटल विचाराने तेव्हा समाजवादाकडे झुकलेले होते. जनतेच्या पैशावर विकसित झालेले तंत्रज्ञान जनतेच्या मालकीचे असावे, असे त्यांना वाटे. मोठ्या कंपन्या हे सारे फुकटात पदरात पाडून घेतील, ही भीतीही होती. म्हणून १९४३ मध्ये त्यांनी विमान उत्पादन मंत्र्यांना सुचवले की, सगळ्या जेट उद्योगाचेच राष्ट्रीयीकरण करावे. हे मंत्री होते स्टॅफर्ड क्रिप्स. आदल्याच वर्षी ‘क्रिप्स मिशन’ घेऊन भारतात येऊन गेलेले तेच.

क्रिप्स यांनी सूचना घेतली, पण अर्धीच. रोल्स रॉइस, डी हॅविलँड अशा बड्या कंपन्यांना हात न लावता एकट्या पॉवर जेट्सचे राष्ट्रीयीकरण झाले. एप्रिल १९४४ मध्ये कंपनीची किंमत १ लाख ३५ हजार ५०० पौंड ठरली. कंपनीला घासाघीस करायला फारसा वाव नव्हता. तिचा एकमेव ग्राहक सरकार होते, तिच्या कामाचा पैसा सरकारचा होता आणि गोपनीयतेमुळे दुसरा खरीदार शोधणे शक्यच नव्हते. व्हिटल यांच्या समभागांचे मूल्य ४७ हजार पौंड होते. ते त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले आणि त्यांना १० हजार पौंड मिळाले.

खरा घाव पुढे बसला. युद्ध संपल्यावर बड्या इंजिन कंपन्यांनी सरकारी संस्थेच्या स्पर्धेला विरोध केला. राष्ट्रीयीकृत पॉवर जेट्सने इंजिनांचे आराखडे आणि उत्पादन करू नये, केवळ संशोधन करावे, असे ठरले. १९४६ मध्ये तिचे सरकारी संशोधन संस्थेत रूपांतर झाले. व्हिटल यांनी जानेवारीत राजीनामा दिला, पाठोपाठ १६ अभियंतेही बाहेर पडले. दहा वर्षांत जमलेला चमू विखुरला. ज्यांना जेट इंजिनाचा सर्वाधिक अनुभव होता, त्यांनाच ते बनवण्यापासून दूर सारले गेले.

१९४८ मध्ये संशोधकांना पारितोषिके देणाऱ्या शाही आयोगाने व्हिटल यांना एक लाख पौंड करमुक्त दिले. त्याच वर्षी ते ‘सर’ झाले आणि प्रकृतीच्या कारणाने हवाई दलातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ४१.

भारताशी याचा काय संबंध?

स्वतंत्र भारताच्या हवाई दलात १९४८ मध्ये आलेले पहिले जेट विमान म्हणजे ‘व्हॅम्पायर’. त्याचे ‘गॉब्लिन’ इंजिन डी हॅविलँडसाठी फ्रँक हाल्फर्ड यांनी व्हिटल यांच्या धर्तीवर आखलेले होते. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळूरुमध्ये व्हॅम्पायर बांधली. १९५३ पासून आलेल्या ‘तुफानी’ विमानांत आणि मुंबईकरांना जवळची वाटणाऱ्या जुन्या ‘विक्रांत’वरील ‘सी हॉक’ विमानांत ‘नेने’ इंजिन होते. तेही रोल्स रॉइसने व्हिटल यांच्या मार्गानेच पुढे जाऊन बनवलेले.

याच ‘नेने’ची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४६ मध्ये ब्रिटन सरकारने ते सोव्हिएत संघाला विकायला परवानगी दिली. सोव्हिएत अभियंत्यांनी त्याची नक्कल करून ‘मिग-१५’ला ताकद दिली आणि १९५० मध्ये कोरियाच्या आकाशात तेच मिग ब्रिटनच्या मित्रराष्ट्रांच्या विमानांसमोर उभे ठाकले. ज्या तंत्रज्ञानाच्या गोपनीयतेसाठी एका लहान कंपनीची आर्थिक कोंडी झाली, ते काही वर्षांतच परक्याला राजरोस विकले गेले.

आजच्या योजनांनी यातून काय घेतले?

अमेरिकेच्या १९८२ च्या कायद्याने लहान कंपन्यांसाठी ‘एसबीआयआर’ योजना आली. तिची रचना पाहिली तर व्हिटल यांच्या अडचणींची जणू यादीच समोर येते. पहिल्या टप्प्यात छोटी रक्कम देऊन कल्पना शक्य आहे का, हे तपासले जाते. १९२९ मध्ये नेमके हेच झाले नव्हते. दुसऱ्या टप्प्यात नमुना बनवण्यासाठी मोठी रक्कम मिळते. मोठे संशोधन अंदाजपत्रक असलेल्या सरकारी विभागांना बाहेर दिल्या जाणाऱ्या निधीतील ३.२ टक्के वाटा यासाठी राखून ठेवावा लागतो. निधी देताना सरकार कंपनीचे समभाग मागत नाही आणि त्यातून तयार झालेली तांत्रिक माहिती २० वर्षे संरक्षित राहते, म्हणजे सरकार ती उचलून दुसऱ्या उत्पादकाला देऊ शकत नाही. तिसऱ्या टप्प्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन आणि खरेदीसाठी, मात्र योजनेत स्वतंत्र पैसा नाही. तिथेच अनेक कंपन्या अडतात.

भारतातील ‘आयडेक्स’मध्ये नवउद्यमी, लघुउद्योग आणि वैयक्तिक संशोधकांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ‘आयडेक्स प्राइम’मध्ये ही मर्यादा १० कोटी, तर २०२४ मध्ये आलेल्या ‘अदिती’ योजनेत २५ कोटी रुपये आहे. ‘डीआरडीओ’च्या तंत्रज्ञान विकास निधीतून ५० कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकल्पांना मदत होते. रकमा वाढल्या आहेत. परंतु व्हिटल यांचा अनुभव सांगतो की, रकमेइतकेच हप्ता वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते. नमुना यशस्वी झाला की पहिली मागणी कोण नोंदवणार आणि उत्पादन दुसऱ्याकडे गेले तर मूळ कंपनीच्या हाती काय राहणार, हेही आधीच ठरलेले असावे लागते. पॉवर जेट्सच्या बाबतीत ते ठरले, पण कंपनीची बाजू सर्वात दुबळी असताना.

व्हिटल यांचे पुढे काय झाले?

त्यांनी पुन्हा कधी विमानाचे इंजिन बनवणारी कंपनी काढली नाही. विमान कंपनीचे सल्लागार म्हणून आणि नंतर तेल उद्योगात त्यांनी काम केले. तेलविहिरी खोदण्यासाठी टर्बाइनवर चालणारे यंत्रही आखले. १९७६ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत शिकवू लागले. फॉन ओहाइन यांच्याशी त्यांची १९६६ मध्ये भेट झाली आणि पुढे मैत्री जुळली. १९९१ मध्ये दोघांना मिळून अभियांत्रिकीतील मानाचे ड्रेपर पारितोषिक देण्यात आले. ९ ऑगस्ट १९९६ रोजी मेरीलँडमध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी व्हिटल यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी इंग्लंडला नेऊन क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवण्यात आल्या.

सरकारच्या पैशाशिवाय व्हिटल यांचे इंजिन विमानात बसले नसते, यात शंका नाही. ज्या कंपनीने ते घडवले ती मात्र त्याच सरकारच्या हाताखाली संपली. ब्रिटनला इंजिन मिळाले, बड्या कंपन्यांना बाजारपेठ मिळाली. पुढचे इंजिन बनवू शकणारा चमू मात्र कोणालाच सांभाळता आला नाही.